स्ट्रिंगमधला ४२ आणि खरा ४२ : डेटा टाइप सुरक्षितपणे कसे बदलावेत

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या बूल (खरं की खोटं ते सांगणाऱ्या) फंक्शनला "फॉल्स" हा शब्द स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून दिला, तर उत्तर येतं ट्रू, म्हणजे खरं. शब्दाचा अर्थ पायथॉन पाहतच नाही. स्ट्रिंग रिकामी आहे की नाही, एवढंच तो तपासतो आणि ही रिकामी नाही. हे मी एका सेटिंग फाइलमुळे शिकलो. चाचणीच्या सर्व्हरवरून ईमेल जाऊ नयेत म्हणून फाइलमध्ये "फॉल्स" लिहिलं होतं. प्रोग्रामने ते वाचलं, बूलमधून काढलं आणि ईमेल सुखाने जात राहिले. एरर नाही, इशारा नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही.

तेव्हापासून टाइप बदलणारी ओळ दिसली की मी आधी एकच गोष्ट बघतो : हे रूपांतर फसलं, तर मला कळेल का? एरर देऊन थांबणाऱ्या रूपांतराचा त्रास पाच मिनिटांचा असतो. गुपचूप चुकीची व्हॅल्यू देऊन पुढे जाणारं रूपांतर सहा महिन्यांनी, भलत्याच ठिकाणी सापडतं.

खाली कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत आणि अंकही देवनागरीत छापले आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचे. उदाहरणं बहुतेक पायथॉनची आहेत. जिथे दुसरी भाषा जास्त शिकवून जाते, तिथे तिच्याकडे वळलो आहे.

पायरी १ : रूपांतर हवंच आहे का?

अंक दिसला की त्याचा इंटिजर (पूर्णांक) करायची सवय हाताला लागलेली असते. पण फोन नंबर, पिन कोड, खाते क्रमांक, बारकोड या संख्या नाहीत. ती अंकांनी लिहिलेली नावं आहेत. "००७३१" चा इंटिजर केला की ७३१ उरतो आणि पुढची दोन शून्यं कायमची गेली. माझी कसोटी साधी आहे : या व्हॅल्यूची कधी बेरीज किंवा सरासरी काढणार आहे का? नसेल, तर ती स्ट्रिंगच राहू द्या.

शून्यं गेली तर निदान डोळ्यांना दिसतं. मोठ्या आयडीचं तसं नसतं. जावास्क्रिप्टमध्ये नेहमीची संख्या ६४ बिटांचा फ्लोट (दशांश ठेवू शकणारा टाइप) असते आणि त्यात ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक बिनधोक बसतात. त्यापुढचा ९००७१९९२५४७४०९९३ लिहून पाहा, शेवटी ९९२ दिसेल. दोन वेगळे आयडी एकच होऊन बसतात. ट्विटरचे आयडी या मर्यादेपलीकडे गेले, तेव्हा कंपनीने जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या मजकुरी फॉरमॅटमध्ये) तोच आयडी स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली. तुमचा सर्व्हर ६४ बिटांचे आयडी ब्राउझरकडे पाठवत असेल, तर तेच करा.

कधी कधी रूपांतर तुम्ही करतच नाही, दुसरंच कोणी करतं. एक्सेलने मार्च१ आणि सेप्ट२ अशा नावांच्या जनुकांच्या तारखा करून टाकल्या. हे इतक्या शोधनिबंधांच्या तक्त्यांत घुसलं, की जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये अशा जनुकांची नावंच बदलली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जीवशास्त्राची परिभाषा बदलणं सोपं पडलं, यावर हसावं की रडावं कळत नाही. पायथॉनच्या पांडास या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत याचा भाऊबंद भेटतो. सीएसव्हीतल्या पूर्णांकांच्या कॉलममध्ये एक जरी जागा रिकामी असली, तरी अख्खा कॉलम फ्लोट होतो. ७३१ चा ७३१.० होतो आणि मोठ्या आयडीचे शेवटचे अंक बदलतात. फाइल वाचतानाच डीटाइप (कॉलमचा टाइप) देऊन असा कॉलम स्ट्रिंग म्हणून घ्या. खरोखरच संख्या असेल आणि रिकाम्या जागाही असतील, तर पांडासचा मोठ्या आयने सुरू होणारा इंट६४ वापरा, तो रिकामी जागा सांभाळतो.

पायरी २ : मोठ्या भांड्यातून छोट्यात ओतताय का?

८ बिटांचा पूर्णांक ६४ बिटांत घातला तर काही सांडत नाही. उलट केलं तर सांडतं, आणि प्रत्येक भाषेत वेगळ्या तऱ्हेने. जावामध्ये ३ अब्ज ही लाँगमधली (६४ बिटांची) संख्या कास्ट करून, म्हणजे टाइप जबरीने बदलून, इंटमध्ये (३२ बिटांत) टाकली, तर उत्तर येतं उणे १२९४९६७२९६. पायथॉनच्या नमपाय लायब्ररीच्या ॲरेमध्ये ३०० असताना त्याला ॲसटाइपने ८ बिटांचा चिन्हांकित पूर्णांक केलं, तर ४४ मिळतात. दोन्हीकडे एरर नाही.

भांडं मोठं दिसतं म्हणूनही निर्धास्त राहू नका. जावामध्ये इंट आपोआप फ्लोटमध्ये जातो, कास्टसुद्धा मागत नाही. पण ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये नेमकेपणासाठी २४ च बिट असल्याने १६७७७२१७ चा १६७७७२१६ होतो. आवाका वाढला, नेमकेपणा गेला.

या प्रकारची सर्वांत महागडी चूक ४ जून १९९६ ची. एरियान ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण फ्रेंच गयानामधल्या कुरूहून झालं आणि सुमारे ४० सेकंदांत संपलं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतली, आडव्या वेगाशी निगडित अशी एक ६४ बिटांची फ्लोट व्हॅल्यू १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात बदलली जात होती. हा कोड एरियान ४ वरून जसाच्या तसा उचललेला होता. जुन्या रॉकेटचा आडवा वेग कमी, त्यामुळे तिथे व्हॅल्यू १६ बिटांत कायम बसली. नवं रॉकेट वेगळ्या मार्गाने, जास्त वेगाने निघालं आणि ती बसेना. पर्यायी यंत्रणाही होती, पण तिच्यात तेच सॉफ्टवेअर, म्हणून तीही त्याच कारणाने बंद पडली.

चौकशी अहवालातला मला सर्वांत बोचणारा तपशील वेगळाच आहे. धोक्याची अशी सात व्हेरिएबल्स आधीच ओळखली गेली होती. संगणकावरचा भार मर्यादेत राहावा म्हणून त्यांतल्या चारांनाच संरक्षण दिलं गेलं. उरलेली तीन मर्यादेबाहेर जाणारच नाहीत असं गृहीत धरलं, आणि हे गृहीतक कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे इथे रूपांतराने एरर दिली होती. पण ती आल्यावर प्रोसेसर सरळ बंद करायचा असं ठरलेलं होतं, आणि तोच निर्णय घातक ठरला. एरर आल्यावर काय करायचं, हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडे पायरी ७ मध्ये येऊ.

तूर्त करायचं ते हे : आकार कमी करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी तपासणारं रूपांतर वापरा. जावामध्ये मॅथ वर्गातलं टू-इंट-एक्झॅक्ट आहे, व्हॅल्यू बसली नाही तर ते एक्सेप्शन फेकतं. रस्टमध्ये ॲझ ऐवजी ट्राय-फ्रॉम वापरा, ते फसण्याची शक्यता तुमच्या हातात ठेवतं. सीमध्ये एटॉय विसरून जा. अंक सापडला नाही तरी ते ० देतं आणि खरोखर ० लिहिला होता तरी ०. स्ट्रटॉल वापरा, वाचन कुठवर झालं ते पाहा आणि एररनोही (एररचा कोडही) तपासा.

पायरी ३ : दारातच बदला, आणि एकदाच

फॉर्म, फाइल, जेसन, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, कमांड लाइन : बाहेरून येणारं बरंचसं स्ट्रिंग असतं. ती स्ट्रिंग आत भटकू दिली, तर प्रत्येक फंक्शन आपापल्या परीने तिचं रूपांतर करतं. एक जण मोकळ्या जागा काढतो, दुसरा काढत नाही, तिसरा फसल्यावर ० धरतो. म्हणून व्हॅल्यू प्रोग्राममध्ये शिरते त्या जागी तिचं रूपांतर आणि तपासणी करा, आणि आतल्या फंक्शनांना पक्का इंटिजर, पक्की तारीख द्या. बाहेर जातानाही तसंच, शेवटच्या टप्प्यावर स्ट्रिंग करा.

पायरी ४ : स्ट्रिंगमधून पूर्णांक

पायथॉनचं इंट त्यामानाने कडक आहे. "१२ किलो" दिलं तर व्हॅल्यू-एरर येते. जावास्क्रिप्टचं पार्स-इंट त्यातून निमूटपणे १२ काढून देतं. त्याच भाषेतलं नंबर "१२ किलो" ला नॅन ("ही संख्या नाही" अशी खूण) म्हणतं, पण रिकाम्या स्ट्रिंगला ०! म्हणजे वापरकर्त्याने रकाना भरलाच नाही आणि तुमच्याकडे नोंद झाली शून्याची. जावास्क्रिप्टमध्ये रिकामेपणाची तपासणी नंबरच्या आधी, वेगळी करावीच लागते.

पण कडक म्हटलेलं इंटही बरंच काही चालवून घेतं. दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा आणि नवी ओळ ते काढून टाकतं, हे सोयीचंच. पायथॉन ३.६ पासून "१_०००" हेही त्याला हजार म्हणून चालतं. वापरकर्त्याकडून आलेल्या मजकुरात अंडरस्कोअर चालावा असं तुम्ही कधी ठरवलं होतं?

आणि मराठी वाचकांसाठी खास : या लेखात छापलेत तसे देवनागरी अंक स्ट्रिंगमध्ये घालून इंटला द्या. चालतं! "४२" चे खरोखर बेचाळीस मिळतात. एक अंक देवनागरी आणि दुसरा इंग्रजी असला तरी चालतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आणि लगेच धास्तीही वाटली. कारण जावास्क्रिप्टचं नंबर हाच मजकूर नॅन ठरवतं. पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरातले नमुने शोधायच्या भाषेतला) अंकांसाठीचा बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकांनाही अंक मानतो, जावास्क्रिप्टमधला तोच बॅकस्लॅश-डी मानत नाही. ब्राउझर नाकारतो ते सर्व्हर स्वीकारतो, अशी विसंगती तयार होते. देवनागरी अंक घ्यायचे असतील तर दोन्हीकडे घ्या, आणि दारातच एका रूपात आणा. घ्यायचे नसतील तर स्पष्ट नाकारा.

"आधी इझडिजिटने तपासतो, मग इंट करतो" हा सल्ला सर्रास मिळतो. इझडिजिट म्हणजे स्ट्रिंगमध्ये सगळे अंकच आहेत का, ते सांगणारं फंक्शन. तो अर्धवट आहे. वर्गाचा छोटा २ (²) इझडिजिटला अंक वाटतो, पण इंट त्यावर एरर देतं. शिवाय उणे पाचमधलं उण्याचं चिन्ह इझडिजिटला चालत नाही, म्हणजे योग्य व्हॅल्यू नाकारली जाते. तपासायचंच असेल तर इझडेसिमल जास्त जवळचं आहे. त्याहून बरं म्हणजे इंटलाच ठरवू द्या आणि व्हॅल्यू-एरर पकडा.

लांबीलाही मर्यादा घाला. लाखो अंकांची स्ट्रिंग पाठवून सर्व्हरला गुंतवून ठेवणं शक्य होतं, म्हणून पायथॉन ३.११ पासून इंट ४३०० पेक्षा जास्त अंकांची दशमान स्ट्रिंग मुळात स्वीकारत नाही. वयाच्या रकान्याला तीन अंक पुरतात.

हे सगळं एकत्र केलं तर वय वाचणारं फंक्शन साधारण असं होतं :

वय_वाचा(मजकूर):
    मजकूर स्ट्रिंग नसेल तर एरर
    साफ = दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढलेला मजकूर
    साफ रिकामा असेल तर एरर : "वय भरलेलं नाही"
    साफ ३ अक्षरांपेक्षा लांब असेल तर एरर
    साफमध्ये अंकांशिवाय काही असेल तर एरर
    वय = इंट(साफ)
    वय ० ते १३० मध्ये नसेल तर एरर
    वय परत द्या

शेवटून दुसरी ओळ लोक हमखास गाळतात. ९९९ हा निर्दोष इंटिजर आहे, पण ते वय नाही. टाइप बरोबर असणं आणि व्हॅल्यू बरोबर असणं या दोन तपासण्या आहेत. पहिली ओळही शोभेची नाही. जेसनमधून वयाच्या जागी ट्रू आलं, तर इंट त्याचा १ करतो. पायथॉनमध्ये बूल हा इंटचाच उपप्रकार असल्याने "हा इंट आहे का?" असं विचारलं तरी होच येतं.

पायरी ५ : फ्लोट आले की सावध

०.२९ ला १०० ने गुणून इंट करा. २९ नाही, २८ येतात. ०.२९ हा आकडा बायनरीत नेमका लिहिताच येत नाही, गुणाकार २८.९९९९ च्या घरात जातो, आणि इंट पुढचं सगळं कापून टाकतं. इंट शून्याच्या दिशेने कापतं : ३.९९ चे ३ आणि उणे ३.९९ चे उणे ३. फ्लोअर मात्र खाली जातं आणि उणे ४ देतं. राउंडचीही गंमत आहे. २.५ चे २ आणि ३.५ चे ४, कारण पायथॉन ३ नेमक्या अर्ध्यावर सम संख्येकडे वळतो. शाळेत शिकलेला नियम हवा असेल, तर डेसिमल (दशांश नेमके ठेवणारा टाइप) वापरून राउंड-हाफ-अप स्पष्ट सांगा.

जिथे दशांश नेमके राहिले पाहिजेत तिथे फ्लोटला मध्ये आणूच नका. डेसिमलला ०.१ हा आकडा स्ट्रिंग म्हणून द्या. फ्लोट म्हणून दिलात, तर डेसिमल त्या फ्लोटची मूळची चूक पन्नासहून अधिक दशांशस्थळांपर्यंत इमानेइतबारे जपून ठेवतो.

यापेक्षाही लपून बसणारी गोष्ट म्हणजे नॅन. पायथॉनचं फ्लोट "नॅन" आणि "इन्फ" हे शब्द स्ट्रिंग म्हणून आनंदाने स्वीकारतं. आता तुमची तपासणी अशी आहे : टक्के ० पेक्षा कमी किंवा १०० पेक्षा जास्त असतील, तर एरर. नॅनची कुठल्याही संख्येशी केलेली लहान-मोठी तुलना खोटीच ठरते. तो ० पेक्षा कमी नाही, १०० पेक्षा जास्तही नाही, म्हणून तपासणी पार करून आत येतो, आणि मग ज्या बेरजेत शिरेल ती बेरीज नॅन करतो. तपासणी उलटी लिहा : टक्के ० ते १०० च्या मध्ये असतील तरच पुढे, नाहीतर एरर. तेवढ्याने नॅन दारातच अडतो. मॅथ मॉड्यूलमधलं इझफायनाइट वापरलंत तर हेतूही वाचणाऱ्याला लगेच कळतो.

स्वल्पविरामाचं थोडक्यात. "१,२५०" वर फ्लोट एरर देतं, मग लोक सगळे स्वल्पविराम उडवून मोकळे होतात. पण युरोपातल्या बऱ्याच देशांत स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह आहे. तिथला "१,२५०" म्हणजे सव्वा, आणि तुम्ही त्याचे साडेबाराशे केलेत. मजकूर कुठल्या पद्धतीने लिहिलाय हे माहीत असल्याशिवाय चिन्हं उडवू नका.

पायरी ६ : बूलियन, बाइट आणि तारखा

बूलियनसाठी बूल वापरायचं नाही, हे वर आलंच. स्वीकारायच्या शब्दांची यादी करा : ट्रू, येस, ऑन, १ म्हणजे हो, आणि फॉल्स, नो, ऑफ, ० म्हणजे नाही. लहान-मोठी अक्षरं सारखी करून यादीत शोधा. दोन्ही याद्यांत नसेल तर एरर. "बाकी सगळं नाही समजू" असं करू नका, कारण ट्रूच्या स्पेलिंगमधली चूकही मग नाही ठरते.

बाइट म्हणजे मजकूर नव्हे. "मराठी" या शब्दात पाच युनिकोड चिन्हं आहेत, पण यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये त्याचे १५ बाइट होतात. दहाव्या बाइटवर कापलात, तर चौथं चिन्ह मधोमध तुटतं. डीकोड करताना इग्नोर दिलंत की एरर जाते आणि अक्षरही जातं. डीफॉल्ट स्ट्रिक्टच राहू द्या. बाइटला थेट एसटीआर लावणं हीही नेहमीची चूक. त्याने डीकोड होत नाही, पुढे बी आणि अवतरणचिन्हं लागलेली एक विचित्र स्ट्रिंग तयार होते आणि तीच डेटाबेसमध्ये जाऊन बसते. डीकोडला यूटीएफ-८ सांगा. फाइल उघडतानाही एन्कोडिंग लिहाच, नाहीतर एका मशीनवर चाललेलं दुसऱ्यावर बिघडतं.

तारखेत ०३/०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे व्हॅल्यू पाहून सांगता येत नाही. फॉरमॅट ओळखून देणाऱ्या लायब्ररीवर विसंबू नका. स्ट्रपटाइम या पायथॉनच्या तारीख वाचणाऱ्या फंक्शनला फॉरमॅट स्पष्ट द्या. १३ तारखेपासून पुढे चूक आपोआप उघडी पडते, पण महिन्याचे पहिले बारा दिवस ती झाकून ठेवतात. सेकंदात मोजलेला युनिक्स टाइम (१९७० च्या सुरुवातीपासूनची वेळ) जावास्क्रिप्टच्या डेटला दिला, तर आजची तारीख जानेवारी १९७० मध्ये जाऊन पडते, कारण त्याला मिलिसेकंद हवे असतात. रिपोर्टमध्ये १९७० दिसलं की मी पहिल्यांदा हेच तपासतो.

पायरी ७ : फसल्यावर काय, ते आधी ठरवा

पर्याय तीनच : एरर देऊन थांबा, "व्हॅल्यू नाही" असं नोंदवा, किंवा ठरलेली डीफॉल्ट व्हॅल्यू घ्या. कोणता घ्यायचा ते त्या रकान्यावर अवलंबून आहे. पानावर किती ओळी दाखवायच्या हा आकडा बिघडलेला आला, तर २० धरून पुढे जायला हरकत नाही, लॉगमध्ये मात्र लिहा. औषधाच्या मात्रेचा आकडा बिघडलेला आला, तर कुठलीही डीफॉल्ट व्हॅल्यू चुकीचीच आहे. आणि "माहीत नाही" साठी ० कधीच वापरू नका. तो शून्य सरासरीत शिरतो आणि तिला खाली ओढतो. पायथॉनमधला नन, म्हणजे "व्हॅल्यूच नाही", वापरा.

एक्सेप्शन पकडताना नेमकं पकडा. सगळंच पकडणारा एक्सेप्ट आणि त्यात नुसता पास, ही जोडी म्हणजे एरर देणाऱ्या चांगल्या रूपांतराला हाताने मुकं करणं. इंटसाठी व्हॅल्यू-एरर पकडा. नन येण्याची शक्यता असेल तर टाइप-एररही. ट्रायमध्ये फक्त रूपांतराची ओळ ठेवा, पुढचं काम एल्समध्ये.

एररच्या संदेशात रकान्याचं नाव, ओळ क्रमांक आणि आलेली व्हॅल्यू लिहा. व्हॅल्यू रेप्र या फंक्शनमधून काढा, म्हणजे न दिसणारी मोकळी जागा आणि नवी ओळही दिसते. "अवैध इनपुट" एवढाच संदेश रात्री दोन वाजता कोणाच्याच उपयोगाचा नसतो. पासवर्ड किंवा खाजगी माहितीचा रकाना असेल, तर व्हॅल्यू लॉगमध्ये टाकू नका, फक्त लांबी लिहा.

पायरी ८ : छळणारी यादी

रूपांतर करणाऱ्या प्रत्येक फंक्शनला मी ठरावीक व्हॅल्यू देतो. रिकामी स्ट्रिंग, नुसती मोकळी जागा, नन, "०", "-०", "००७", "३.०", "१_०००", "१,०००", "१ई५", "नॅन", देवनागरी अंक, पूर्ण रुंदीचे जपानी अंक, ट्रू, मर्यादेवरचा आकडा, मर्यादेच्या एक पुढचा आकडा. ३२ बिटांचा पूर्णांक कुठे असेल तर २१४७४८३६४७ आणि २१४७४८३६४८ हे दोन्ही. "३.०" वर पायथॉनचं इंट एरर देतं हे बऱ्याच जणांना इथेच पहिल्यांदा कळतं. आधी फ्लोट, मग इंट असा वळसा घ्यायचा मोह होतो, पण मग ३.७ सुद्धा ३ होऊन आत येतो. वळसा घ्यायचाच असेल, तर मध्ये इझ-इंटिजरने तपासा.

त्यानंतर परतीची फेरी. स्ट्रिंगचा इंट केला, इंटची पुन्हा स्ट्रिंग केली, मूळ मजकूर जसाच्या तसा मिळाला का? "४२" मिळतो. "००७" मिळत नाही, आणि तो रकाना आयडीचा असेल तर पायरी १ मध्येच गडबड झाली आहे. ज्या व्हॅल्यूंवर एरर यायलाच हवी, तिथे ती येते का हेही टेस्टमध्ये लिहा. पायटेस्ट या टेस्ट लिहायच्या साधनात त्यासाठी रेझेस आहे. माझ्या त्या ईमेलच्या सेटिंगला अशी एकच टेस्ट असती, "फॉल्स" दिल्यावर फॉल्सच येतं का एवढी, तर काम झालं असतं.